नागरी तंत्रज्ञान शिकवण्याची सोपी रीत

हा विषय तुमच्या गळ्यात कसा पडला, ते आधी आठवा. मे महिन्यातल्या विभागाच्या बैठकीत प्रोजेक्टर चालेना, तेव्हा तुम्ही उठलात, वायर काढून पुन्हा खोचलीत आणि पडदा उजळला. विभागप्रमुखांनी तुमच्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेचा अर्थ जूनमध्ये वेळापत्रक लागल्यावर कळला: नागरी तंत्रज्ञान, चार श्रेयांक, सोमवार आणि गुरुवार, दुपारी दोन. म्हणजे जेवणानंतर.

घाबरू नका. सार्वजनिक धोरण शिकवणाऱ्या विद्यालयांना हल्ली हा विषय ठेवावाच लागतो, आणि तो बहुधा वायर खोचणाऱ्या माणसाच्याच वाट्याला येतो. मी सहा वर्षं शिकवतोय. पहिल्या वर्षी कुणी हे चार कागद हातात दिले असते तर माझी पाच वर्षं वाचली असती, म्हणून लिहितोय.

पहिलं काम नावाचं. 'सिव्हिक टेक' म्हणा नाहीतर 'नागरी तंत्रज्ञान' म्हणा, घरच्यांना ते सिव्हिल इंजिनिअरिंगच वाटणार. माझे मेहुणे दोन वर्षं मला गच्चीच्या गळतीवर उपाय विचारत होते. (सांगितला. गळती थांबली नाही.) पहिल्या तासाला फळ्यावर तीन वर्तुळं काढायची: शासन, नागरिक, तंत्रज्ञान. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे खडूनं रेघोट्या मारायच्या आणि म्हणायचं, 'आपला विषय हा.' विद्यार्थी फोटो काढतात, तास संपतो.

चौथ्या वर्तुळाच्या फंदात पडू नका. चौथं म्हणजे टेबलामागे बसून, आपला अर्ज उलटसुलट बघून 'झेरॉक्स कुठाय?' विचारणाऱ्या माणसाचं. त्याला शासनात धरावं, तर धोरण ठरवताना त्याला कुणी विचारलेलं नसतं. नागरिकांत धरावं, तर तो खिडकीच्या पलीकडे बसलेला असतो. शिवाय चार वर्तुळं एकमेकांवर आणायची तर आकृती फळ्यावर नीट येत नाही. येईल असं गणितवाले सांगतात, पण लंबवर्तुळं काढावी लागतात, आणि आपल्याला तर वर्तुळच धड काढता येत नाही.

विद्यार्थी ओळखून ठेवा

वर्गात हिंजवडीत दोन-तीन वर्षं कोडिंग करून 'समाजासाठी काहीतरी' करायला आलेले चार-पाच जण असतील. प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे ॲप असतं. गडचिरोली किंवा नंदुरबारला फेलोशिप केलेल्या दोघी असतील. त्यांच्याकडे प्रत्येक ॲपला एक प्रश्न असतो. उरलेल्यांत निम्मे स्पर्धा परीक्षेवाले. सकाळी अभ्यासिका, दुपारी तुमचा तास, आणि प्रत्येक वाक्यानंतर 'सर, हे मुख्य परीक्षेला येईल का?'

आणि मागच्या बाकावर, खिडकीशी, अध्ययन रजेवर आलेला एक नायब तहसीलदार असेल. वय बेचाळीस-त्रेचाळीस, शर्टाच्या खिशाला पेन आणि शिसपेन्सिल दोन्ही. तो प्रश्न विचारत नाही. मधूनच, आवाज न करता हसतो. माझ्याकडचा तीन वर्तुळांना हसला होता. अशा वेळी काय करायचं, हे नवख्यांना कळत नाही. न बघितल्यासारखं करा. का हसलात म्हणून विचारलंत, तर तो सांगेल, आणि तुमचा तास त्याचा होईल.

सुरुवात परदेशातून करा

लांबचं उदाहरण पटकन पटतं, कारण ते खोटं ठरवायला वर्गातलं कुणी तिथे गेलेलं नसतं. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेनं २००७ साली फिक्समायस्ट्रीट सुरू केलं: नकाशावर बोट ठेवा, खड्डा कळवा, तक्रार आपसूक त्या भागाच्या परिषदेकडे जाते. केनियात निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचाराच्या बातम्या लोकांनीच मोबाइलवरून गोळा कराव्यात म्हणून २००८ साली उशाहिदी उभं राहिलं. स्वाहिलीत त्या शब्दाचा अर्थ साक्ष. अमेरिकेत २००९ साली कोड फॉर अमेरिका, तैवानात २०१२ साली गव्ह-झीरो. तैवानवर एक अख्खा तास द्या, विद्यार्थ्यांना तैवान फार आवडतं.

अपयशाचं उदाहरणही परदेशातलंच घ्या. अमेरिकेचं आरोग्य विम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालं आणि पहिल्या दिवशी देशभरातून सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा. हा आकडा सांगून थोडं थांबा, वर्ग हसतो. मग कंत्राटं कशी दिली होती, किती कंपन्या होत्या, सगळी यंत्रणा एकत्र चालवून बघायला किती कमी वेळ मिळाला, हे सांगायला लागलात की हसू ओसरतं आणि जांभया सुरू होतात. खरं म्हणजे विषय तिथेच असतो. पण दुपारचे तीन वाजत आलेले असतात.

जुनं वाचन द्यायचंच असेल तर महात्मा फुल्यांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' द्या. निरक्षर शेतकरी कचेरीत गेला की कारकुनापासून वरपर्यंत कोण त्याला कुठे अडवतं आणि कसं नाडतं, याचा इतका बारीक आढावा आजच्या कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात मिळणार नाही. मात्र वाचनाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर टाकू नका. पहिल्या क्रमांकावर सल्लागार कंपनीचा अहवाल लागतो.

खड्डा

आता गाभ्याकडे. नागरी तंत्रज्ञानाचं कुलदैवत खड्डा आहे. देशोदेशीच्या ॲपवाल्यांनी पहिलं फूल त्यालाच वाहिलंय, कारण तो फोटोत येतो. नापास झालेली शाळा फोटोत येत नाही, थकलेली पेन्शनही येत नाही. खड्डा येतो, पावसात तर आभाळासकट येतो.

बॉस्टन शहरानं २०१२ साली स्ट्रीट बम्प नावाचं ॲप काढलं. फोन गाडीत ठेवायचा. चाक खड्ड्यात गेलं की फोनमधल्या यंत्राला धक्का कळतो आणि जागेची नोंद आपोआप होते. हे सांगितल्यावर वर्गातून कुणीतरी म्हणतंच, 'सर, आपल्याकडे धक्का बसला नाही तरच नोंद करावी.' म्हणू द्या. मग सांगा की त्या ॲपला खड्डा आणि रस्त्याच्या पातळीखाली बसलेलं गटाराचं झाकण यांतला फरक कळवणं हीच मोठी डोकेदुखी होती. आणि हेही सांगा, की स्मार्टफोन आणि गाडी ज्यांच्याकडे, त्यांच्याच गल्लीतले खड्डे नोंदले जाणार हे तिथल्या लोकांच्या वेळीच ध्यानात आलं. म्हणून त्यांनी ते आधी रस्त्यांची तपासणी करणाऱ्या पालिकेच्याच माणसांना दिलं, कारण त्यांना सगळ्याच गल्ल्यांतून फिरावं लागतं. त्या कहाणीतली खरी हुशारी ही आहे, आणि तिच्यात कोडची एक ओळ नाही. कोडिंगवाले विद्यार्थी इथे वही मिटतात.

मग मुंबईला या. नोव्हेंबर २०१९ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेनं आठवडाभर खड्ड्यांचं आव्हान दिलं होतं: ॲपवर खड्डा कळवा, चोवीस तासांत बुजवला नाही तर पाचशे रुपये मिळवा. अट एकच, खड्डा निदान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा. ही अट वर्गाला नीट चघळू द्या. म्हणजे अडीच इंचांचा खड्डा हा खड्डा नव्हे. मग तो काय? आणि खोली मोजायची कुणी, कुठून कुठपर्यंत, त्यात पाणी असेल तर तळ कुठला धरायचा? शासनाच्या कुठल्याही योजनेत पहिला प्रश्न व्याख्येचा असतो, पट्टी घेऊन रस्त्यावर वाकलेल्या माणसाचा असतो. ॲपचा नंबर बराच नंतर लागतो. हे मी वर्गात एकदा मोठ्या आवाजात बोलून गेलो. तेव्हा मागच्या बाकावरचा पहिल्यांदाच न हसता वहीत काहीतरी लिहिताना दिसला.

त्यानंतर रस्ता कुणाचा हा प्रश्न येतो. महापालिकेचा, एमएमआरडीएचा, एमएसआरडीसीचा, की सार्वजनिक बांधकाम विभागाचा? त्याच रस्त्याच्या पोटातून जाणारी वाहिनी आणखी पाचव्याची. खड्ड्याला हद्द माहीत नसते, पण तक्रारीला असावी लागते. नसली की ती फिरत राहते, आणि फिरून दमली की 'निकाली' निघते.

या 'निकाली' शब्दावर माझ्या मते अख्खा आठवडा द्यायला हवा. अभ्यासक्रमात तो कुठेच नाही, हे वेगळं. तक्रार निकाली निघणं आणि खड्डा बुजणं या दोन स्वतंत्र घटना आहेत. त्या एकाच दिवशी घडल्या तर योगायोग समजावा. तक्रार 'आपल्या अखत्यारीत येत नाही' म्हणून निकाली निघते. 'पावसाळ्यानंतर कार्यवाही करण्यात येईल' म्हणून निघते. 'स्थळपाहणी केली असता खड्डा आढळून आला नाही' म्हणूनही निघते, कारण पाहणी पुढच्या चौकात झालेली असते. डॅशबोर्डला हे सगळं हिरवं दिसतं. तुमचे विद्यार्थी त्या हिरव्यावरून वॉर्डांची क्रमवारी लावतील, सर्वांत कार्यक्षम वॉर्ड कुठला ते शोधतील आणि परिषदेत निबंध वाचतील. अडवू नका. अडवायचं असेल तर एकदा त्या वॉर्डात चालायला घेऊन जा. दोन पावसाळी चपला पुरतात.

डेटा, म्हणजे पीडीएफ

२०१२ साली केंद्र सरकारनं माहिती खुली करण्याचं धोरण जाहीर केलं. यंत्राला वाचता येईल अशा रूपात आकडे द्यावेत, असं त्यात म्हटलंय. हे वाक्य फळ्यावर लिहून वर्गाला एखाद्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक उतरवून घ्यायला सांगा. येते ती पीडीएफ. पीडीएफमध्ये कागदाचे फोटो, आणि फोटोत कागद तिरका. कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.

नशीब चांगलं असेल तर फोटो नसून मजकूर असतो. पण तो युनिकोडच्या आधीच्या एखाद्या जुन्या मराठी फाँटमधला. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, आणि कॉपी करून दुसरीकडे टाकली की रोमी अक्षरं, फुल्या आणि टोप्यांची भेळ होते. त्या भेळेचं पुन्हा मराठी करणारी साधनं मिळतात. ती वापरली की 'पाणीपट्टी' परत येते आणि 'घरपट्टी'तला 'घ' वाटेत हरवतो.

पुढची गंमत गावांच्या नावांची. एका तक्त्यात 'बुद्रुक', दुसऱ्यात 'बु.', तिसऱ्यात 'बु' आणि पुढे एक जागा मोकळी. 'खुर्द'ची तीच कथा. कुणी 'कराड' लिहितं, कुणी 'कऱ्हाड'. त्यातही तो आडवा 'ऱ' संगणकाच्या आत दोन निरनिराळ्या पद्धतींनी लिहिता येतो. म्हणजे डोळ्याला हुबेहूब एक दिसणारी दोन गावं यंत्राला वेगळी वाटतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रकल्प करायला आलेले विद्यार्थी पहिले पाच आठवडे बुद्रुक आणि खुर्द जुळवत बसतात. त्यांना सांगू नका, पण पंधरा आठवड्यांतलं खरं शिक्षण तेच. जिल्हा परिषदेत हेच काम करणारा एक कारकून असतो, त्याला सगळी गावं तोंडपाठ असतात, आणि तो निवृत्त झाला की तक्ते जुळायचे थांबतात.

आकडे मिळालेच नाहीत तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा होता, आता चालतो तो केंद्राचा, २००५ चा. अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवस. सत्र पंधरा आठवड्यांचं असतं, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाकायला लावा. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयानं सतरा बाबी कुणी न मागता जाहीर करायच्या असतात, हेही सांगा. आणि मग आपल्याच विद्यापीठानं त्या कुठे जाहीर केल्यात ते शोधायला सांगू नका. मी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी माझ्या वर्गाची खोली बदलून तळघरात गेली.

सविता

एक दिवस पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांची कार्यशाळा घ्यावी लागते. 'वापरणाऱ्याच्या जागी उभं राहा' असा तिचा मंत्र. मुलांनी एक काल्पनिक नागरिक तयार करायचा, त्याचं वय, उत्पन्न, अडचणी चिठ्ठ्यांवर लिहायच्या आणि भिंतीवर डकवायच्या. (जुलैत चिठ्ठ्या चिकटत नाहीत. टाचण्या ठेवा.) माझ्या सहा वर्षांत त्या नागरिकाचं नाव बहुतेक वेळा सविता होतं. वय चौतीस, अल्पभूधारक शेतकरी, दोन मुलं, स्मार्टफोन आहे, शिकण्याची जिद्द आहे. सविताला वेळच वेळ असतो. सविताच्या फोनचं चार्जिंग कधी संपत नाही.

मागच्या वर्षी एका गटानं सवितासाठी पीक नोंदणीचा पडदा नव्यानं आखला. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून फोनवरून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. मुलांनी रंग सुरेख निवडले होते, मोठी बटणं, मराठीत सूचना. सादरीकरण संपलं तेव्हा नंदुरबारहून आलेल्या मुलीनं विचारलं, 'सातबारा सविताच्या नावावर आहे का?'

भिंतीवर त्याची चिठ्ठी नव्हती. सातबारा सासऱ्याच्या नावावर, ओटीपी पुण्याला असणाऱ्या दिराच्या फोनवर, आणि शेत सविता कसते. मागच्या बाकावरचा या वेळी हसला आणि आवाजही झाला.

सहल

विद्यार्थ्यांना एकदा तरी सेतू केंद्रात न्या, असं वाचनाच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. माझा सल्ला, नेऊ नका. गेलात की अभ्यासक्रम मोडतो.

मी एका तालुक्याच्या गावी बाराजणांना घेऊन गेलो. कायदा पाठ करून नेला होता: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५, अधिसूचित सेवा, ठरलेली मुदत, पहिलं अपील, दुसरं अपील. केंद्रात एक पोरगा बसला होता, असेल पंचविशीचा. समोर रांग. त्याच्या टेबलाच्या खणात दोनशे पानी वही. तिच्यात गावोगावच्या लोकांची नावं आणि प्रत्येकाचा पासवर्ड. 'त्यांच्या लक्षात राहत नाही हो,' तो म्हणाला. पुष्कळ अर्जांवर मोबाइल नंबर त्याचाच होता, कारण म्हाताऱ्यांकडे फोन नाही, किंवा असला तर रिचार्ज नाही. सगळे ओटीपी त्याच्या खिशात वाजत होते. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे भयंकर होतं. आणि तो पोरगा रजेवर गेला असता तर त्या दिवशी त्या तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं शासनाशी असलेलं नातं बंद पडलं असतं.

माझ्या विद्यार्थ्यांनी त्याला विचारलं, ॲपमध्ये काय सुधारणा हवी? तो विचारात पडला. मग म्हणाला, 'पंखा.'

तिथेच एका आजोबांनी डिजिटल सहीचा सातबारा आणला होता. पंधरा रुपये भरून ऑनलाइन मिळतो, सगळ्या सरकारी कामांना चालतो. तो एका कचेरीनं परत केला होता. का? तर त्यावर गोल शिक्का नाही. आजोबा शिक्क्याच्या शोधात फिरत होते. आमच्यातल्या एका कोडिंगवाल्यानं त्यांना क्यूआर कोड कसा तपासायचा ते नीट समजावून सांगितलं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, 'हे तू त्या साहेबांना येऊन सांगशील का?' तो गेला. परतल्यावर दोन तास बोलला नाही. सध्या तो एका जिल्ह्यात कंत्राटी नोकरी करतो आणि पगार हिंजवडीच्या निम्मा आहे. अशी सहल विद्यालयाच्या नोकऱ्यांच्या आकडेवारीला परवडत नाही, एवढंच सांगायचं होतं.

मस्टर

हा भाग शिकवताना अंगावर येतो, तरी वगळता येत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची मस्टरं आणि बिलं मिळवली आणि गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवली. बस. नाव वाचायचं, काम वाचायचं, रक्कम वाचायची आणि लोकांना विचारायचं, हे झालं का? कामावर कधी न गेलेल्यांची नावं निघाली, कधी न पूर्ण झालेल्या इमारती पूर्ण झालेल्या निघाल्या. माहितीच्या अधिकाराची चळवळ अशा वाचनांतून वाढली. 'सर, यात तंत्रज्ञान कुठलं?' असा प्रश्न येणार. आवाज, तंबू, माइक आणि ऐकणारं गाव, असं उत्तर द्या. वर्गाला ते कविता वाटतं. तुम्ही ते वर्णन म्हणून सांगा.

मग पुढे या. रोजगार हमीचा कायदा करणारं पहिलं राज्य आपलं, १९७७ साली. मस्टर, मुकादम, खडी हे शब्द आपल्याकडे दुष्काळानं घरोघरी पोचवले. देशाच्या योजनेत २०२१ साली हजेरीचं ॲप आलं, आणि जानेवारी २०२३ पासून जवळपास प्रत्येक कामावर ते सक्तीचं झालं: दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, जागेच्या नोंदीसकट. खोटी हजेरी आता अशक्य, असं वाटलं. मग जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढावं लागलं. लोक फोटोचा फोटो काढून चढवत होते. हजेरीत बायका आणि फोटोत पुरुष, असंही आढळलं. इकडे खरंच राबलेल्या बाईचा दुपारचा फोटो रेंज नसल्यानं चढला नाही, की तिचा दिवस बुडतो.

विद्यार्थी लगेच म्हणतील, चेहरा ओळखणारं तंत्र बसवू. फळ्यावर दोन चित्रं काढा. एकात मस्टर गावासमोर वाचलं जातंय. दुसऱ्यात फोटो वर कुठल्यातरी सर्व्हरकडे चाललाय आणि गाव तो कधी बघत नाही. काही बोलू नका, खडू खाली ठेवा. कोट किरानात वाचलेली ती नावं वैयक्तिक माहिती ठरतात का, असा प्रश्न एखादी विचारेल. २०२३ च्या डेटा संरक्षणाच्या कायद्यानं माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमाला हात घातलाय, म्हणून तिचा प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी तास वेळेवर संपत नाही.

हॅकेथॉन

होतोच. छत्तीस तास, पिझ्झा, पुठ्ठ्याचा मोठा धनादेश. जिंकणारं ॲप खड्ड्यांचं असतं. मार्चमध्ये सर्व्हरचं भाडं भरायचं कुणी, यावर मतभेद होतात आणि ते बंद पडतं. डागडुजी नावाचा विषय कुठल्याच सत्रात नाही.

गुणदान

पन्नास गुणांच्या प्रकल्पासाठी विद्यालयाचा छापील तक्ता असतो: नावीन्य, विस्तारक्षमता, पडद्याची मांडणी, सादरीकरण, सामाजिक परिणाम. प्रत्येकी दहा. त्यात बसेल ते करायला लावा, म्हणजे वाद होत नाहीत.

माझा वाद मागच्या बाकावरच्यामुळे झाला. सगळ्यांनी ॲप दिली, त्यानं अडीच पानं दिली, हातानं लिहिलेली. तो आधी संगायोला होता, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर. विधवा, अपंग, निराधार यांचे अर्ज तहसीलमध्ये येतात. वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा पुरावा म्हणून अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. हा दाखला देतं कोण? तहसील. म्हणजे त्या बाईनं तहसीलच्या एका टेबलावर अर्ज करायचा, तलाठ्याचा अहवाल आणायचा, दाखला घ्यायचा, झेरॉक्स काढायची आणि तोच कागद त्याच इमारतीत वीस पावलांवरच्या दुसऱ्या टेबलावर नेऊन द्यायचा. तिच्या तीन खेपा, तीन दिवसांची मजुरी. त्यानं अर्जाला जोडायच्या कागदांची यादी केली होती आणि प्रत्येकासमोर लिहिलं होतं, हा कागद मुळात कुणाच्या कपाटात आहे. जे आपल्याच कपाटात होते ते त्यानं खोडले होते. खाली एक ओळ होती: 'यास संगणकाची आवश्यकता नाही. टेबल ३ ने टेबल ५ ला विचारावे.'

तक्त्याप्रमाणे नावीन्य शून्य. पडदाच नाही, तर मांडणी कसली. सादरीकरण केलं नाही, उभा राहून वाचून दाखवलं. पन्नासपैकी अकरा बसले, तेही सामाजिक परिणामाच्या रकान्यात मी हात सैल सोडला म्हणून. त्याच सत्रात खड्ड्यांच्या ॲपला त्रेचाळीस मिळाले होते.

निकालानंतर तो केबिनमध्ये आला. मला वाटलं, फेरतपासणीचं असेल. तसं काही नव्हतं, रजा संपली होती, निघाला होता. मीच म्हणालो, पुढच्या वर्षी तक्त्यात एक रकाना वाढवतोय, 'किती कागद कमी झाले'. त्यासाठी अभ्यास मंडळाला अर्ज करावा लागतो, विहित नमुन्यात, पाच प्रतींत. नमुना टेबलावरच पडला होता. त्यानं सवयीनं उचलला, वरपासून वाचला, खिशातली शिसपेन्सिल काढली आणि दोन रकाने हलकेच खोडले. 'हे तुम्ही वर एकदा विचारलंय,' तो म्हणाला, 'आणि हे तर त्यांच्याच दप्तरात असतं.'

मी तो अर्ज तसाच दिला. दीड महिन्यानं परत आला. कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता: रकाना ४ व ९ अपूर्ण, पूर्तता करून फेरसादर करावे.